विश्रामबागवाडा
विश्रामबागवाडा हा पुणे शहरातील थोरले बाजीराव रस्त्यावर असलेला पेशवेकालीन वाडा आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी निवासासाठी बांधलेली ही वास्तू १८०७ च्या सुमारास पूर्ण झाली. निवासस्थान, संस्कृत पाठशाळा, शासकीय कार्यालय आणि वारसास्थळ असे तिच्या उपयोगाचे टप्पे पडतात.

रचना
वाड्यात तीन चौक असून त्यांभोवती दालने आहेत. दर्शनी बाजूस सागवानी लाकडाचे कोरीव काम, सुरूच्या आकाराचे खांब, महिरपी आणि पुढे आलेला सज्जा दिसतो. बांधकामास सुमारे दोन लाख रुपये खर्च आल्याचे सांगितले जाते. चौकाभोवती स्वतंत्र दालने असल्याने पुढे येथे वर्ग व कचेऱ्या भरवणे सोयीचे झाले.

पाठशाळा
नोव्हेंबर १८१७ मधील खडकीच्या लढाईनंतर बाजीरावांनी पुणे सोडले. १८१८ मध्ये ते इंग्रजांना शरण गेले व त्यांना बिठूर येथे पाठवण्यात आले. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी दख्खनचे कमिशनर विल्यम चॅप्लिन यांनी वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. पेशवे विद्वानांना देत असलेल्या दक्षिणेच्या निधीतील काही रक्कम तिच्यासाठी वापरण्यात आली. पारंपरिक विद्येचा आश्रयदाता गेल्यामुळे दुखावलेल्या विद्वानवर्गाला आपलेसे करणे हाही त्यामागील हेतू होता. येथे वेद, व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र आदी विषय शिकवले जात. मेजर थॉमस कँडी हे काही काळ पाठशाळेचे प्रमुख होते. १८५१ मध्ये पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज स्थापन झाले. १८६४ मध्ये त्यास डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याजवळील नव्या इमारतीत गेले.

आग आणि पुनर्बांधणी
१८७९ मध्ये लागलेल्या आगीत बुधवारवाडा नष्ट झाला आणि विश्रामबागवाड्याचाही काही भाग जळाला. लोकवर्गणी व नगरपालिकेच्या साहाय्याने त्याची दुरुस्ती करण्यात आली. शनिवारवाड्यातील इमारती १८२८ च्या आगीत आधीच भस्मसात झाल्या होत्या. त्यामुळे पेशवाईच्या अखेरच्या काळातील काष्ठशिल्प व राहणीमान समजून घेण्यासाठी हा वाडा महत्त्वाचा ठरतो.

कार्यालय व वारसास्थळ
विसाव्या शतकात येथे पुणे नगरपालिकेचे कार्यालय होते. १९५० मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली व कालांतराने मुख्य कार्यालय शिवाजीनगर येथे हलवण्यात आले. वाड्याच्या काही भागात टपाल कार्यालयही चालत आले आहे. पुढे महानगरपालिकेने वाड्याच्या जतनाचे काम हाती घेतले आणि शहराच्या वाटचालीवरील ‘पुणवडी ते पुण्यनगरी’ हे प्रदर्शन येथे मांडण्यात आले. सततच्या वापरामुळे वाडा ओस पडला नाही, मात्र प्रत्येक वापरागणिक दालनांत फेरबदल होत गेले. त्यामुळे जतन करताना मूळचे बांधकाम आणि नंतरची भर यांतील फरक ओळखणे आवश्यक ठरते.