भाताच्या खाचरातील नत्र कोठे जाते?

लावणीनंतर खाचरातील पाण्यावर युरिया फोकून दिला, तर पीक काही दिवस हिरवेगार दिसते आणि पुढे खालची पाने पुन्हा पिवळी पडू लागतात, असा पुष्कळ शेतकऱ्यांचा अनुभव आहे. खत पाण्याबरोबर वाहून गेले, असे याचे कारण सांगितले जाते व ते काही अंशी खरेही असते. परंतु बांध शाबूत असलेल्या खाचरातही असेच घडते. तेथे नत्राचा बराच भाग वायुरूपाने हवेत निघून जातो. काही नत्र पाण्याच्या पृष्ठभागावरून अमोनियाच्या रूपाने उडते. उरलेल्या हानीस जमिनीतील जीवाणू कारणीभूत असतात.

प्राणिमात्र अन्नाचे ज्वलन करून शक्ती मिळवितात व त्यासाठी श्वासावाटे प्राणवायू घेतात. जमिनीतील बहुतेक जीवाणूही तेच करतात. पण पाणी साचलेल्या जमिनीत हवा शिरत नाही. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट मंद गतीने सरकतो. मातीत उरलेला प्राणवायू मुळे व जीवाणू लवकरच संपवितात. मग अनेक जातींचे जीवाणू गुदमरून न मरता नायट्रेटकडे वळतात. नायट्रेटमध्ये नत्राच्या एका अणूस प्राणवायूचे तीन अणू जोडलेले असतात. जीवाणू श्वसनासाठी ते पायरीपायरीने काढून घेतात. नायट्रेटचे नायट्राइट, त्याचे नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि अखेरीस नत्रवायू बनतो. यास विनत्रीकरण म्हणतात. फ्रान्समधील गेयाँ व द्युपती या शास्त्रज्ञांनी १८८० नंतरच्या दशकात हे कार्य जीवाणूंचे असल्याचे दाखवून दिले.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. भाताचे रोप नायट्रेट खाते. हे जीवाणू त्याने श्वास घेतात. जे नत्र खाल्ले जाते ते खाणाऱ्याच्या शरीरात राहते व शरीर कुजल्यावर जमिनीस परत मिळते. श्वासात खर्ची पडलेले नत्र मात्र हवेत जाते, आणि हवेतील नत्र भाताच्या मुळांना घेता येत नाही. प्राणवायू मिळत असेल तर हेच जीवाणू नायट्रेटला सहसा हात लावीत नाहीत, कारण प्राणवायूपासून त्यांना अधिक शक्ती मिळते.

युरियात तर नायट्रेट नसते. मग ते येते कोठून? खाचरातील चिखलाचा उभा काप काढून पाहावा. वर काही मिलिमीटर जाडीचा तांबूस थर दिसतो, त्याखाली करडा-निळसर चिखल असतो. वरच्या थरास पाण्यातून थोडा प्राणवायू मिळतो. तेथे युरियापासून झालेल्या अमोनियमचे दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्रेट करतात. अमोनियम चिकणमातीच्या कणांना धरून राहते, नायट्रेट राहत नाही. ते खालच्या निर्वात थरात उतरते आणि तेथे त्याचा वायू होतो. जपानमधील मृदाशास्त्रज्ञ शिओइरी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हे दोन थरांचे कोडे उलगडले व अमोनियमयुक्त खत चिखलात खोल मिसळण्याचा उपाय पुढे आला.

कोकणातील चारसूत्री भातशेतीत हेच तत्त्व वापरले आहे. चुडांचे अंतर आलटूनपालटून १५ व २५ सेंटिमीटर ठेवून लावणी करावी आणि जवळजवळच्या चार चुडांच्या मध्यभागी युरिया-डीएपीची सुमारे २.७ ग्रॅम वजनाची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल दाबावी. खालच्या थरात नायट्रेट तयारच होत नाही व मुळांना अमोनियम सावकाश मिळत राहते. मजुरी थोडी वाढते, हे खरे. पण खताची बचत होते.

गोळ्या मिळत नसल्यास युरिया हप्त्यांनी द्यावा. वरखत देण्यापूर्वी पाणी काढून टाकावे, खत ओल्या चिखलात मिसळावे आणि सुमारे एका दिवसाने पाणी पुन्हा घ्यावे. देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचे लेपन सक्तीचे झाले. त्यामुळे अमोनियमचे नायट्रेट होण्यास विलंब लागतो, पण ते थांबत नाही. लावणीच्या वेळी नायट्रेटयुक्त खते खाचरात घालणे टाळावे. खाचर वारंवार सुकणे व पुन्हा भरणे सर्वांत घातक होय: सुकताना नायट्रेट बनते, भरताच ते उडून जाते. म्हणून खत देण्याआधी खेकड्यांनी बांधास पाडलेली भोके बुजविली आहेत की नाही, हे पाहून घ्यावे.