मासा घ्या पारखून, रांधा बेताने



उसाला खत आपण मोजून देतो. घरच्या ताटाकडेही तसेच पाहावे. खानदेशाला समुद्र नाही, पण तापी, गिरणा, पांझरा आहेत. नदी-धरणांतले रोहू, कटला, मृगळ, मरळ बाजारात मिळतात. 100 ग्रॅम मासळीत साधारण 16 ते 20 ग्रॅम प्रथिने असतात, आणि ती पचायलाही हलकी.

घेताना कल्ला उचलून पाहा, तो लाल हवा. डोळे चकचकीत हवेत. बोटाने दाबून खड्डा तसाच राहिला, तर मासा शिळा समजावा. नाल्यात मरून तरंगणारा मासा फुकट मिळाला तरी घरी आणू नका. तो फवारणीच्या औषधाने मेलेला असू शकतो, आणि शिजवल्याने ते विष जाईल असे धरून चालू नये. म्हणूनच फवारणीचे पंप नाल्यात किंवा पाटात धुऊ नका, ही आमची आग्रहाची विनंती.

आपल्याकडे रश्श्यावर तेलाचा तवंग लागतोच. तो थोडा आवरा. लसूण, काळा मसाला थोड्या तेलात परतून, चिंचेचे पाणी घालून रस्सा उकळा. हळद-मीठ लावलेले तुकडे शेवटी सोडा. दहा-बारा मिनिटांत शिजतात. सोबत कळण्याची भाकरी. पोरांना मात्र काटे काढूनच वाढा.