हात आधी, कळ नंतर

तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात झटकन मागे येतो, ‘आई गं!’ तोंडून निघतं ते त्यानंतर. हात मागे घेण्याचा हुकूम मेंदू देतच नाही, तो मज्जारज्जूतूनच सुटतो. त्वचेकडून आलेला संदेश तिथल्या मधल्या चेतापेशी थेट स्नायूंकडे वळवतात आणि त्याच वेळी हात सरळ करणारे स्नायू सैल सोडतात. किती नेमकी व्यवस्था!

वेदनाही दोन हप्त्यांत येते. मायलिनचं पातळ आवरण असलेले तंतू सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने तीव्र कळ आणतात; मागाहूनची जळजळ आणणारे बिनआवरणाचे तंतू जेमतेम २ मीटर गाठतात.

मेंदूत चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी. मज्जारज्जू मात्र करंगळीएवढा जाड, लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. त्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात. थेट मेंदूशी जोडलेल्या जोड्या १२.

मधुमेहात पायांच्या नसा बधिर होऊ शकतात. मग तळव्यात खिळा रुतला तरी पत्ता लागत नाही. म्हणून मधुमेहींनी रोज तळवे पाहावेत, बोटांच्या बेचक्यांसकट. वाकता येत नसेल तर आरसा वापरावा किंवा घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगावं.