बॅटरी किती वेळ पुरेल ?

कंदिलांत तेल किती उरलें आहे, हें तो हालवून पाहिला म्हणजे समजतें. बॅटरींतील वीज मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून ‘चार-पांच तास सहज निघतील’ अशा अंदाजावरच पुष्कळ घरांत भिस्त असते. पंख्याच्या बाबतींत हा अंदाज चुकला, तर थोडा घाम येईल इतकेंच. परंतु ज्या घरीं आजोबांचा श्वास ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर या यंत्रावर अवलंबून आहे, तेथें ही चूक प्राणांवर बेतेल. तेव्हां याचा हिशेब कसा करावा, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ‘१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास’ असे आंकडे असतात. त्यांचा गुणाकार १८०० वॅट-तास. यंत्रास ३५० वॅट लागत असतील, तर भागाकार पांच तासांहून किंचित् अधिक येतो. गणित बरोबर, पण उत्तर कागदावरचें!

कारण, पहिली गोष्ट अशी कीं, इन्व्हर्टर स्वतःच कांहीं वीज उष्णतेच्या रूपानें खर्च करितो; शंभरांतील ऐंशी भाग यंत्रापर्यंत पोंचले असें धरूं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १५० हा आंकडा बहुधा २० तासांत, म्हणजे साडेसात अँपिअरच्या मंद प्रवाहानें, वीज काढली असतां मिळणारा असतो. आपलें यंत्र तर सुमारें ३६ अँपिअर ओढवितें. शिशाच्या बॅटरींतून वीज जितक्या वेगानें काढावी, तितकी ती एकंदरींत कमी मिळते; हा नियम जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट यानें १८९७ सालीं मांडिला. त्यांत बॅटरी जुनी असली, तर पांचाचे तीन तासही भरत नाहींत.

खरें उत्तर घड्याळच देतें. परीक्षेच्या वेळीं रुग्णास या बॅटरीवर मुळींच ठेवूं नये. यंत्राऐवजीं तारेचे जुन्या पद्धतीचे दिवे, १०० वॅटचे तीन व ६० वॅटचा एक, लावावे. बॅटरी पूर्ण भरून घ्यावी, इन्व्हर्टरकडे येणारी वीज बंद करावी व वेळ टिपावी. इन्व्हर्टरनें इशारा देतांच थांबून पुन्हां वेळ टिपावी आणि बॅटरी ताबडतोब भरण्यास लावावी. ती अगदीं रिकामी केल्यास तिचें आयुष्य घटतें. भरतांना तींतून हायड्रोजन वायु निघतो. म्हणून खोलींत हवा खेळती असावी व जवळ ज्योत आणूं नये. हें सारें विद्यार्थ्यांनीं वडील मंडळींच्या देखतच करावें.

मिळालेल्या वेळेचे दोन-तृतीयांशच भरंवशाचे मानावे, तो आंकडा यंत्राजवळ लिहून ठेवावा व दर सहा महिन्यांनीं परीक्षा पुन्हां घ्यावी. त्या वेळेंत वीज न आल्यास ऑक्सिजनचें सिलिंडर कोठें आहे, तें कोणीं लावावयाचें, हेंही घरांत आधींच ठरलेलें असावें. अंधार पडल्यावर हिशेब करण्यास सवड नसते.