यकृताला वळसा, मेंदूला फटका

घंटा वाजली की लाळ गाळणारी इव्हान पावलॉव्ह यांची कुत्री सगळ्यांना ठाऊक आहेत. १८९३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अभ्यासलेली दुसरी कुत्री विस्मरणात गेली. आतड्यांतलं रक्त यकृताकडे नेणारी पोर्टल शीर त्यांनी थेट हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला जोडली होती. मांस खाल्लं की ही कुत्री चिडखोर होत, पाय लटपटत, दिसेनासं होई, पुढे झटके आणि बेशुद्धी.

कारण अमोनिया. प्रथिनं पचताना तो तयार होतो आणि यकृत त्याचा युरिया करतं. रक्ताने यकृत टाळलं की अमोनिया मेंदूत पोहोचतो. तिथल्या आधारपेशी त्यापासून ग्लुटामिन बनवतात आणि फुगतात. मँगनीजही साचतं, एमआरआयमध्ये मेंदूच्या गाभ्यात ते पांढरं उजळ दिसतं.

काही माणसांत हा आडमार्ग जन्मजात असतो. लंडनच्या जॉन ॲबरनेथी यांनी १७९३ मध्येच एका तान्ह्या बाळाच्या शवविच्छेदनात तो नोंदवला होता. सिरोसिसमध्ये तो नंतर तयार होतो, पण तिथे डॉक्टरांचं लक्ष यकृतावर असतंच. मला काळजी वाटते ती जन्मजात प्रकाराची. एसजीपीटी, बिलिरुबिन या यकृताच्या रक्तचाचण्या बहुधा जवळपास नॉर्मल येतात, ‘लिव्हर ठीक आहे’ म्हणून घरचे निर्धास्त होतात. आणि साठी-सत्तरीत, मेंदूची सहनशक्ती घटली की माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, सही वेडीवाकडी करतो, चार दिवस बरा राहून पुन्हा भांबावतो. हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगितले, तर ते पंख फडफडल्यासारखे खाली पडतात. घरात मात्र ‘वय झालं’ एवढंच म्हटलं जातं.

निदान अवघड नाही: रक्तातला अमोनिया, पोटाची डॉप्लर सोनोग्राफी, गरज पडल्यास सीटी स्कॅन. अमोनियाचा नमुना बर्फात ठेवून लगेच तपासावा लागतो, नाहीतर आकडा खोटा वाढतो. लॅक्टुलोज आणि रिफॅक्सिमिन या औषधांनी आराम पडतो. कित्येकांत कॅथेटर घालून हा मार्गच बुजवता येतो. त्याआधी यकृतातल्या शिरा वाढीव रक्त पेलतील का, हे पाहणं अत्यावश्यक.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचं भान असं येत-जात असेल, तर स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसण्याआधी डॉक्टरांना एकदा जरूर विचारा: अमोनिया तपासायचा का?