पेटीवाल्यांनो, सूर वाचायलाही शिका



गावोगावच्या भजनी मंडळांत पेटी आहे, पण चाल कागदावर उतरलेली क्वचितच दिसते. जुना पेटीवाला गेला की त्याच्या चाली त्याच्याबरोबर जातात. उसाच्या वजनाची पावती आपण जपून ठेवतो, चालीची पावती मात्र कुणाकडे नाही.

पियानोवाल्या पाश्चात्यांनी यावर फार पूर्वी तोड काढली. पाच आडव्या रेघा मारायच्या. खूण जितकी वर, तितका सूर उंच. अशा पाच-पाच रेघांच्या दोन ओळी, बहुधा वरची उजव्या हाताची, खालची डाव्या. पोकळ गोल म्हंजे चार मात्रा, त्याला दांडी लावली की दोन, दांडीचा गोल काळा भरला की एक. पियानोला पट्ट्या ८८ आणि एका वेळी अनेक सूर दाबायचे, म्हणून ही एकावर एक मांडणी. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरं हे वाचन शिकली. त्यातूनच पुढं सेबास्टियन डिसोझांसारखे जाणकार मुंबईच्या चित्रपटसृष्टीला मिळाले. वाद्यवृंदाच्या हाती लिहिलेला कागद दिला तो अशा लोकांनी.

आपल्याकडं पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी गवयांकडून बंदिशी मिळवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. ऊसपट्ट्यातल्याच कुरुंदवाडचे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीही आपली वेगळी लिपी केली.

दोहोंत मोठा फरक एकच. पियानोच्या कागदावर पट्टी ठरलेली; आपल्या लिपीत ‘सा’ गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणं कुठंही धरता येतो. भजनाला म्हणूनच आपली लिपी सोयीची, असं आमचं मत. पट्ट्यांची रचना मात्र पेटीत आणि पियानोत तीच, सप्तकात बारा. गंमत म्हणून काळी तीनला ‘सा’ धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा, भूपाचेच सूर निघतील!

मींड, हरकत कागदावर पुरती येत नाही, त्याला गुरुच पाहिजे. पण सांगाडा नक्की येतो. भातखंडे पद्धतीत कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र ‘म’वर उभी, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर. समेला × आणि खालीला ०.

सुरुवातीला अभंगाची एकच ओळ घ्यावी. वहीत आठ रकाने, वर सूर, खाली शब्दांची अक्षरं. मग ती वही ज्यानं चाल कधी ऐकलेली नाही अशा दुसऱ्या पेटीवाल्यापुढं ठेवून वाजवायला सांगावी.