पत्रिका की एपीके?

ओळखीच्याच कुणाच्या व्हॉट्सॲपवरून ‘सहकुटुंब यायचं हं’ असा मेसेज येतो, सोबत लग्नपत्रिकेची फाइल. खरी पत्रिका सहसा फोटो असते किंवा पीडीएफ. या फाइलच्या नावाच्या शेवटी मात्र ‘डॉट एपीके’ असतं, म्हणजे ते अँड्रॉइड फोनमध्ये बसणारं ॲप. पाठवणाऱ्याला बहुधा पत्ताही नसतो. त्याचं व्हॉट्सॲप आधीच चोरांच्या ताब्यात गेलेलं असतं.

फाइल उघडताना फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं ॲप बसवू द्यायचं का? तिथेच थांबावं. पुढे एसएमएस वाचायची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ ही ताकीद इथे अपुरी पडते, कारण तुम्ही तो सांगितलेलाच नसतो. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी तर त्याहून घातक: स्क्रीनवरचं वाचता येतं, तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. ई-चलान आणि केवायसीच्या नावानेही हाच माल फिरतो.

फाइल उघडली गेलीच, तर वायफाय आणि डेटा बंद करून सिम काढा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवा. फोन फॅक्टरी रीसेट केल्याशिवाय त्यावर बँकेचं ॲप उघडू नका. तसंच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी कळवलं, तर ती गोठवता येण्याची शक्यता असते.